भूगोलाच्या बाईंचा जानेवारी

आमच्या भूगोलाच्या बाई लग्नाला लग्नाच्या दिवशी जात नसत. मांडव उतरला, आचारी गेले, भाड्याची भांडी परत गेली, पाहुण्यांच्या गाद्या उन्हात पडल्या, की चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी बाई त्या घरी हजर. नेकनूरमधल्या लोकांना सुरुवातीला हा अपमान वाटायचा. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नानंतर त्या आल्या तेव्हा मी घरातच होतो. आई भिंतीला पाठ टेकून बसली होती. लेक सासरी गेल्यापासून तिला 'तू जेवलीस का' असं कुणी विचारलं नव्हतं. ते बाईंनी विचारलं. आई जी रडायला लागली ती थांबेचना. रडून झाल्यावर दोघींनी उरलेल्या बुंदीचा चहाबरोबर फडशा पाडला. निघताना बाई म्हणाल्या, "लग्नात कुणाला कुणाशी बोलायला सवड असते? मी घरच्या माणसांना भेटायला आले." त्यानंतर आमच्या घरात बाईंना कुणी नावं ठेवली नाहीत.

बाकीच्या बाबतीतही त्यांचं असंच. पालीचा तलाव भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की अख्खं बीड मोटारसायकली काढून तिकडं पळतं. बाई आठ-दहा दिवस थांबायच्या आणि मधल्याच एखाद्या बुधवारी डबा घेऊन जायच्या. आमची सहावीची सहलही त्यांनी कपिलधारला अशाच वेळी नेली होती. धबधबा बारीक झाला होता, पण त्याच्या मागची काळी कातळभिंत नीट दिसत होती आणि त्या भिंतीवरच्या थरांवर बाई तासभर बोलल्या. आम्ही कुरकुरलो तेव्हा म्हणाल्या, "बघायला आलो तर बघता आलं पाहिजे. माणसांच्या पाठी बघायला एवढ्या लांब कशाला यायचं?"

त्यांचं वर्गातलं शिकवणं मला अजून आठवतं. नकाशा भिंतीवर टांगायच्या, हातात पट्टी घ्यायच्या, पण ती कधी कुणाच्या अंगाला लागली नाही. भूमध्य सागरी हवामानाचा धडा पुस्तकात मागे असायचा, वेळापत्रकाप्रमाणे तो थंडीत यायचा. बाई तो दिवाळीच्या आधीच घ्यायच्या. दिवाळीनंतर अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा. जी पोरं हिवाळाभर उसाच्या फडावर असणार त्यांना जगात कुठंतरी हिवाळ्यातच पाऊस पडतो हे कळल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, असा त्यांचा हट्ट होता. मग जानेवारीत अर्ध्या रिकाम्या बाकांसमोर त्या हजेरी घ्यायच्या तेव्हा गेलेल्यांचीही नावं वाचायच्या. प्रत्येक नावानंतर थोडं थांबायच्या. एकदा वर्ग फारच गप्प बसला होता म्हणून मुख्याध्यापकांनी दारातून कौतुक केलं. ते गेल्यावर बाई आम्हाला म्हणाल्या, "ही शांतता काही चांगली नाही. बोला रे जरा."

भूमध्य सागराच्या त्या धड्यातच शालन नावाच्या मुलीनं त्यांना विचारलं होतं, "बाई, तुमी बघितलाव का तो पाऊस?"

बाईंनी पट्टी खाली ठेवली. "नाही गं."

"मग तुमाला कसं माहीत?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "पुस्तकात आहे म्हणून माहीत," त्या म्हणाल्या, "पण तुझा प्रश्न बरोबर आहे." पुढं निवृत्त होईपर्यंत दरवर्षी त्या धड्याच्या सुरुवातीलाच सांगून टाकायच्या की हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आणि वाचलेलं सांगते आहे. दुसरे कुठलेच शिक्षक असं काही कबूल करत नसत.

बाईंचे यजमान म्हणजे आबा. नेकनूरच्या वरच्या अंगाला डोंगराला लागून त्यांची सीताफळाची बाग. बाई जेवढ्या मोजून बोलणाऱ्या तेवढेच आबा बोलघेवडे. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवून घ्यायचे. त्यांचे वडील निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे आबांच्या बोलण्यात त्या वळणाचे शब्द जरा जास्तच. बायकोला ते 'मास्तरीन' म्हणायचे, तेही तिच्यासमोर.

बाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी आबांना अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, हात परत आला, पण डावा पाय ओढत चालायची वेळ आली. वर्षभरानं पुण्याहून लेकीनं हौसेनं दोघांना मे महिन्यात एका थंड हवेच्या ठिकाणी नेलं. तिथं एका कड्यावर सूर्यास्त बघायला हीऽ गर्दी. परतताना अरुंद पायऱ्यांवर आबांच्या मागे रांग तुंबली. मागून कुणीतरी म्हणालं, "चला की हो आजोबा, की बसता इथंच?" लोक हसले. आबांनी घाई केली आणि ते पडले. लागलं फारसं नाही. पण घरी आल्यावर त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली आणि फाटकाबाहेर जाणं बंद केलं. बाजार नाही, मंदिर नाही, कुणाचं लग्न नाही. बांधावरून जाणाऱ्यालाही हाक मारेनात. हे दोन वर्षं चाललं.

बीडमध्ये माझं छोटंसं ऑफिस आहे. विमानाची, रेल्वेची तिकिटं, पासपोर्टचे अर्ज, सहली. एका सकाळी नेकनूरच्या बसमधून उतरून बाई थेट तिथं आल्या. खुर्चीवर बसल्या, पर्समधून शंभर पानी वही काढली आणि म्हणाल्या, "दत्ता, मला भूमध्य सागर बघायचाय. यांना घेऊन. आणि तिथं कमीत कमी माणसं असतील तेव्हा."

माझ्याकडं तयार सहली होत्या. मी उत्साहानं मे-जूनची रंगीत पानं त्यांच्यापुढं टाकली. बाईंनी ती नीट बघितली, नीट रचून माझ्याकडं सरकवली आणि वही उघडली. आत बारा महिन्यांचा तक्ता होता. प्रत्येक महिन्यापुढं पाऊस, तापमान, तिथले सण आणि शाळांच्या सुट्ट्या. शेवटच्या रकान्याचं नाव होतं, 'मागून ढकलणारे'.

"जुलै-ऑगस्ट बघ," त्यांनी पेन टेकवलं. "त्यांच्या शाळांना सुट्टी. सगळा युरोप समुद्रावर. वर आपल्या एप्रिलसारखं ऊन. ते तर आपल्याला घरबसल्या मिळतं. एप्रिलमध्ये ईस्टर. मे-जूनमध्ये तुझ्या ह्या सहली."

"मग सप्टेंबर-ऑक्टोबर काढू बाई. हवा छान असते. गर्दीही उतरते."

"उतरते, संपत नाही. आणि तेव्हा बागेत सीताफळ असतं. फळ झाडावर ठेवून हे स्वर्गातही येणार नाहीत." त्यांनी पान उलटलं. "डिसेंबरात नाताळ. जानेवारीचे पहिले दिवस नव्या वर्षाचे. राहिला जानेवारीचा दुसरा पंधरवडा. बाग रिकामी, सण नाही, सुट्टी नाही."

"पण बाई, तेव्हा तिथं पाऊस असतो," मी म्हणालो.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. सहावीत मी त्याच प्रश्नाचं उत्तर उलटं लिहिलं होतं ते त्यांना आठवलं असावं. "शाबास," त्या म्हणाल्या. "आता बरोबर सांगितलंस."

मी एक ग्रीक बेट निवडलं. निळे घुमट, पांढरी घरं, फोटोत कुणालाही भुरळ पडेल असं. हॉटेलात फोन लावला तर पलीकडची बाई म्हणाली, आम्ही एप्रिलमध्ये उघडतो. दुसरं हॉटेलही बंद. तिसऱ्यानं सांगितलं की गावातल्या निम्म्याहून जास्त खाणावळी बंद असतात, बोटीचाही नेम नसतो. मी बाईंना कळवलं. त्यांनी वहीत एक नवी ओळ लिहिली आणि मला फोनवरच वाचून दाखवली, "शांत वेगळं, बंद वेगळं. शांत पाहिजे, बंद नको." गावातली माणसं त्यांच्या रोजच्या कामात असली पाहिजेत, बस चालू पाहिजे, भाजीवाला आला पाहिजे, फक्त पाहुणे नकोत, असं त्यांचं म्हणणं. आठवडाभर शोधून मी माल्टा काढलं. समुद्राच्या ऐन मध्ये एवढंसं बेट, बारा महिने नांदतं, इंग्रजी चालतं. बाईंनी नकाशात बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "वर इटली, खाली आफ्रिका. ह्याच्याइतकं मध्ये दुसरं काही नाही. काढ तिकीट."

तिकीट काढण्याआधी आबांना विचारायला हवं होतं. त्यासाठी बाईंनी मला मुद्दाम रविवारी बागेत बोलावलं. आबा बाजेवर बसले होते. मी सगळं सांगितलं. ते माझ्याकडं बघेनात, बाईंकडंच बघत होते.

"तिकडं कावून जायचं?" ते म्हणाले. "हितं काय कमी हाय? मला न्हाई यायचं. तू जा, दत्ताच्या आईला ने संगं."

"मी तुमच्यासाठी महिना निवडलाय," बाई म्हणाल्या. "तुमच्या मागं कुणी नसेल. पायरीवर तासभर उभं राहिलात तरी कुणी चला म्हणणार नाही."

"अन् पडलो तर?"

"पडलात तर उठू. बघायला कुणी नसेल."

दोन वर्षांत त्यांच्या पडण्याबद्दल घरात कुणी इतकं सरळ बोललं नसावं. बाई उठून चहा करायला गेल्या. आबांनी हळूच मला विचारलं, "माती कशी हाय रं तिथली?" मला माहीत नव्हती. मी म्हणालो, तुम्हीच बघून सांगा. तेवढ्यावर ते तयार झाले.

व्हिसासाठी दोघांना मी मुंबईला घेऊन गेलो. काचेपलीकडच्या तरुण मुलीनं कागद चाळले आणि काळजीनं म्हणाली, "काकू, तारखा चुकल्यात का? जानेवारीत तिथं पाऊस असतो. लोक उन्हाळ्यात जातात." बाईंनी तिला शांतपणे सांगितलं की तारखा बरोबर आहेत आणि पाऊस बघायलाच चाललो आहोत. त्या मुलीनं आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले, "माझ्याकडं बघू नको बाई, मी निस्ता संगं चाललोय."

तिथं पोचल्यावर पहिले तीन दिवस नुसतं वादळ. चौथ्या दिवशी सकाळी आबांचा मला व्हॉट्सॲपवर फोन आला. बाई अंघोळीला गेल्याची संधी त्यांनी साधली होती. "दत्ता, परतीचं तिकीट आलीकडं आणता येतं का बघ. हितं लई वंगाळ पाऊस हाय. मास्तरीन खिडकीपाशी बसून बघती अन् वहीत लिहिती. मला छातीत धडधडतंय." मी घाबरलो, डॉक्टरचं विचारलं. तसं काही नव्हतं. त्यांना गावाकडच्या हरभऱ्याची, ज्वारीची काळजी वाटत होती. आपल्याकडं थंडीत आभाळ आलं की गारपिटीच्या भीतीनं माणसाचा जीव थाऱ्यावर राहत नाही. ती भीती आबा माल्टापर्यंत बरोबर घेऊन गेले होते. मी म्हणालो, एक दिवस थांबा, मग बघू. तिकीट बदलणं अवघड नव्हतं, पण मी मुद्दाम काही केलं नाही. त्या दिवसभर माझंही कामात लक्ष लागलं नाही.

पुढचं मी बाईंकडून आणि आबांकडून वेगवेगळं ऐकलं आहे. दोघांचं सांगणं बहुतेक जुळतं.

त्याच दुपारी पाऊस ओसरला आणि बाईंनी आबांना बाहेर काढलं. तिथल्या राजधानीत काही रस्तेच पायऱ्यांचे आहेत. रुंद, बसक्या पायऱ्या, दोन्हीकडं उंच घरं, घरांना रंगीत लाकडी सज्जे. रस्त्यात एकही माणूस नव्हता. आबा एक पायरी चढायचे, उजवा पाय, काठी, मग डावा पाय ओढून वर. पाच-सहा पायऱ्या झाल्या की सवयीनं मागं वळून बघायचे. मागं कुणी नाही. पुन्हा चढायचे, पुन्हा बघायचे. अर्ध्यावर आल्यावर त्यांनी मागं बघणं सोडलं आणि घरांकडं बघायला लागले. कुठल्या सज्ज्यात कपडे वाळत घातलेत, कुठं मांजर बसलंय, ते बाईंना दाखवायला लागले. आणि तेवढ्यात ओल्या, गुळगुळीत झालेल्या दगडावर त्यांची काठी सरकली आणि ते पायरीवर खाली बसले.

बाई मला म्हणाल्या होत्या, "दत्ता, तेव्हा मला वाटलं, आपण हे काय करून बसलो. वहीत सगळं लिहिलं होतं, ओला दगड लिहिला नव्हता." त्यांना एकट्यानं आबांना उठवता येईना. हाक मारावी तर रस्त्यात कुणी नाही, आणि कुणी नसावं ही त्यांचीच निवड.

तेवढ्यात वरचा एक सज्जा उघडला. एक म्हातारी डोकावली, काहीतरी बोलली आणि आत गेली. थोड्या वेळानं दार उघडून ती बाहेर आली. तिच्या एका हातात स्वयंपाकघरातली खुर्ची होती, दुसऱ्या हातात छत्री. दोघींनी मिळून आबांना उठवलं आणि भर रस्त्यात त्या खुर्चीवर बसवलं. पुन्हा बुरबुर सुरू झाली तशी म्हातारीनं छत्री त्यांच्या डोक्यावर धरली. तिचं नाव कार्मेन. आबांना पुढं जायची घाई नव्हती, तिलाही काही काम नव्हतं. ती आकाशाकडं बोट करून म्हणाली, "शिता." म्हणजे पाऊस. बाईंनी लगेच वही काढली आणि हिवाळ्याला काय म्हणता ते इंग्रजीत विचारलं. कार्मेन म्हणाली, "शित्वा."

बाईंचा हात वहीवरच थांबला. तीस वर्षं त्या फळ्यावर लिहीत आल्या होत्या, हिवाळ्यात पाऊस, हिवाळ्यात पाऊस. पोरं उलटं लिहायची, त्या दुरुस्त करायच्या. आणि इथं पाऊस आणि हिवाळा हे जवळजवळ एकच शब्द होते. इथल्या पोरांचं हे उत्तर कधी चुकणारच नव्हतं.

कार्मेननं त्यांच्या वहीकडं कौतुकानं बघून विचारलं, "क्तीब?"

आबा खुर्चीत सरळ झाले. "मास्तरीन, किताब म्हणती का ती?"

तिथली बोली मूळची अरबीच्या वळणाची. मग आबांनी कार्मेनची परीक्षाच सुरू केली. वडिलांकडून आलेले, रोजच्या बोलण्यातले एकेक शब्द ते टाकून बघायला लागले. दहातले आठ वाया जायचे. 'दुनिया' म्हटल्यावर मात्र ती हसून म्हणाली, "दिन्या," आणि हातानं मोठा गोल काढून दाखवला. आबांना इतका आनंद झाला की पाय दुखतोय हे ते विसरले. "ही आपल्याच गोतातली हाय," त्यांनी बाईंना सांगून टाकलं. "हिला नेकनूरला आणली तर चार दिवसात भाजी आणंल बाजारातून." दोन वर्षांत ते अनोळखी माणसाशी पहिल्यांदाच बोलत होते. बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

कार्मेनचा भाऊ शेती करायचा. दोन दिवसांनी तो दोघांना गाडीत घालून आपल्या शेतावर घेऊन गेला. छोट्या छोट्या पट्ट्या, दगडावर दगड रचलेल्या ताली, बांधाला फड्या निवडुंग. निवडुंग बघून आबांना घरी आल्यासारखं झालं. माती लालसर होती. वाकता येत नव्हतं म्हणून त्यांनी कमरेएवढ्या तालीवरचं एक ढेकूळ काठीनं जवळ ओढून घेतलं, हातात चुरलं, हुंगलं. सगळीकडं हिरवंगार. बटाटा उगवून वर आलेला, वालासारख्या बाकल्याच्या शेंगा धरलेल्या, बांधावर पिवळ्या फुलांचा सडा. पाऊस भुरभुरत होता आणि तो शेतकरी उघड्या डोक्यानं आकाशाकडं बघून हसत होता. उन्हाळाभर इथं थेंब पडत नाही, सगळं करपून जातं, हाच आमचा पेरणी-पिकाचा काळ, असं त्यानं सांगितलं. बाईंनी त्याचं मराठी करून आबांना ऐकवलं.

आबा खूप वेळ त्या माणसाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे ह्यो अवकाळी न्हाई. ह्यो ह्यांचा मिरग हाय."

परत आल्यावर बाई माझ्या ऑफिसात आल्या तेव्हा पहिल्यांदा हेच वाक्य सांगितलं. "मी इतकी वर्षं शिकवलं," त्या म्हणाल्या, "पण नेकनूरच्या पोरांना कळेल असं मला कधी म्हणता आलं नाही. मृग म्हटलं असतं तर एकानंही उत्तर चुकवलं नसतं." मग माझ्या टेबलावरची मे-जूनची रंगीत पानं उचलून त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. "गिऱ्हाईक आलं की आधी बजेट आणि तारखा विचारतोस ना? आधी विचार, तुमच्यात सगळ्यात हळू कोण चालतं. मग महिना काढ." तेव्हापासून मी प्रत्येकाला हे विचारतो. गेवराईचे एक पुढारी एकदा चिडले होते, म्हणाले, आमच्यात हळू कुणी चालत नाही. त्यांच्या बायकोनं मागून हळूच बोट वर केलं. त्यांची सहल मी फेब्रुवारीत काढली.

त्यानंतर बाई आणि आबा दरवर्षी जानेवारीत कुठंतरी जायचे, बहुतेक जवळपासच. आबा पुन्हा बाजारात दिसायला लागले, बांधावरून हाका मारायला लागले. शाळेनं बाईंना एकदा बोलावलं. तेव्हा त्यांनी सहावीच्या वर्गात तो धडा घेतला आणि सुरुवातीलाच सांगितलं की हे मी बघितलं आहे. शालन आता दोन मुलांची आई आहे, पालीला असते. तिला बाईंनी घरी जाऊन सांगितलं. शालनला आपण कधी असं विचारलं होतं हेच आठवत नव्हतं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. "मला आठवत होतं, तेवढं पुरे," त्या म्हणाल्या.

गेल्या वर्षी श्रावणात बाई गेल्या. तीन आठवडे ताप आणि अशक्तपणा, मग एका सकाळी संपलंच. सगळ्यांनी आबांची तयारी मनात करून ठेवली होती, बाईंची कुणीच केली नव्हती. लेक आबांना पुण्याला न्यायला तयार होती. ते म्हणाले, सीताफळं उतरू दे. सीताफळं उतरली, तरी ते गेले नाहीत.

दिवाळीनंतर एक दिवस आबा ऑफिसात आले. एकटेच, बसनं. खुर्चीवर बसून बराच वेळ दम खाल्ला, पाणी प्याले. मग म्हणाले, "दत्ता, मला कुठंतरी जायचंय."

मला बरं वाटलं. मी लगेच म्हणालो, "आबा, जानेवारीच्या शेवटी कोकणात एक जागा आहे. अगदी शांत. समुद्रावर चिटपाखरू नसतं."

"शांत नको," आबा म्हणाले. "शांत घरी लई झालं."

ते काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत होते.

"चाळीस-पन्नास माणसं असतील अशी गाडी बघ. पंगतीत जेवाया बसवतात तसली. गाणी म्हणतात, भांडतात, एकमेकाच्या डब्यातलं खातात. तसली."

"आबा, त्या लोकांना घाई असते. तुम्हाला ओढत नेतील."

"नेऊ दे की. मी म्हणंन, थांबा. येवढं म्हणाया येतं आता मला." मग म्हणाले, "ती असली की गर्दी नको वाटायची. दोघं पुरायचो."

नाताळच्या सुट्टीत बीडहून दक्षिणेकडं एक सहल निघत होती. वर्षातला सगळ्यात गजबजलेला आठवडा. त्यात मी आबांचं नाव घातलं. निघायच्या सकाळी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. पिशव्या, पोरं, आज्या, कुणाचा तरी बूट हरवलेला, ड्रायव्हर ओरडतोय. दाराशी हीऽ रांग. आबा पहिल्या पायरीवर चढले आणि थांबले. मागची माणसं दाटली. मी पुढं व्हायला निघालो, तेवढ्यात आबांनीच मान वळवली आणि मागच्या बाईला म्हणाले, "जरा दम धरा ताई. माझा एक पाय मागून येतो." ती बाई म्हणाली, "येऊ द्या की, आजोबा." सगळी रांग उभी राहिली. कुणीतरी त्यांची पिशवी वर घेतली.

त्यांना खिडकीची जागा मिळाली होती. गाडी सुरू झाली तसा मी खाली उभा राहून हात हलवला. आबांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ते शेजारच्या माणसाकडं वळून बसले होते, दोन्ही हात पसरून त्याला काहीतरी केवढं मोठं होतं ते दाखवत होते, आणि तो माणूस मनापासून ऐकत होता.